मोहरीएवढे फूल

झाडावर वाढलेली दुसरी कोणतीही वनस्पती दिसली की तिला बांडगूळ म्हणून मोकळे व्हावयाचे, अशी आपल्याकडे रीत आहे. आंब्याची बाग राखणारा शेतकरी खरे बांडगूळ बरोबर ओळखतो, कारण त्याच्या फांद्या त्यामुळे वाळत असतात. शहरात राहणाऱ्या आपणांस मात्र तेवढीही ओळख राहिलेली नाही. शिवाय हा शब्द आपण झाडांपुरताच ठेवलेला नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ, असा त्याचा अर्थ समाजात रूढ झाला आहे. कामगार चळवळीत वर्षे काढलेल्या आमच्यासारख्याने तर हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. कामगार तो मालकाला लावतात आणि मालक तो संघटनेच्या कार्यकर्त्याला लावतात. शब्द वापरावयास आमची हरकत नाही. परंतु ज्याला तो लावावयाचा त्याची मिळकत कोठून येते, त्याचा खर्च कोण भागवतो, याची चौकशी आधी झाली पाहिजे. अशी चौकशी न करताच ज्यांना हा शब्द चिकटवला गेला, त्यांपैकी एका अगदी लहान वनस्पतीची बाजू आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

ही वनस्पती आपल्या सह्याद्रीतील आहे. ऑर्किड या फुलझाडांच्या कुळास मराठीत आमरी म्हणतात. ऑर्किड म्हटले की लग्नाच्या मंडपातली जांभळी-पांढरी मोठी फुले आपल्या डोळ्यांपुढे येतात. ज्यांना जंगलाची थोडी माहिती आहे त्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस झाडावरून लोंबणारी गुलाबी ठिपक्यांची ‘सीतेची वेणी’ आठवते. आइस्क्रीमला वास देणारी व्हॅनिलाची शेंग हीसुद्धा एका आमरीचीच. जगात या कुळाच्या सुमारे २८,००० जाती आहेत, आणि त्यांतील दहांपैकी सात जाती जमिनीत न वाढता झाडांवर वाढतात. या अफाट गोतावळ्यात आमची ही आमरी इतकी लहान आहे की, झाडाखालून शंभर माणसे गेली तर त्यांतील एकालाही ती दिसावयाची नाही. तिचे शास्त्रीय नाव ओबेरोनिया रिकर्व्हा.

नाव परके आणि जिभेला जड आहे; पण त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली ओबेरोनिया ही प्रजाती स्थापन केली. शेक्सपियरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात पऱ्यांचा एक राजा आहे, त्याचे नाव ओबेरॉन. त्या अद्भुत राजाचे नाव लिंडलीने या चिमुकल्या वनस्पतींना दिले. हा लिंडली एका रोपवाटिकावाल्याचा मुलगा. बापाच्या धंद्यात पैसा नव्हता, म्हणून त्याला विद्यापीठात शिकता आले नाही. पुढे स्वतःच्या अभ्यासावर तो लंडनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. ज्यांचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले त्या आमच्यासारख्यांना या माणसाविषयी थोडी जास्त आपुलकी वाटली, तर श्रोत्यांनी ती क्षम्य मानावी. १८३९ साली त्यानेच आपल्या या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘रिकर्व्हा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मागे वळलेली. फुलांचा तुरा वाकून वळलेला असतो, म्हणून हे नाव.

त्यानंतर आपल्याकडे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली, तीत या आमरीची नोंद आहे. कुक हे मुळात रेल्वेकडे आलेले इंजिनिअर. पुढे ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९६६ साली फादर संतापाव आणि डॉ. कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातील आमरींवरचा ग्रंथ निघाला. संतापाव जन्माने स्पॅनिश, पेशाने धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी शिकविले, खंडाळ्याच्या डोंगरातील वनस्पतींवर पुस्तक लिहिले आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे ते संचालकही झाले. नखाएवढ्या वस्तूसाठी भिंग घेऊन डोंगर चढणारी माणसे आपल्या प्रांतात होऊन गेली, एवढे या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष वनस्पतीकडे वळू. बोटाच्या दोन पेऱ्यांएवढा एक हिरवा, चपटा, मांसल पंखा फांदीला चिकटून खाली झुकलेला आहे, अशी कल्पना करावी. या पंख्यात चार-पाच पाने असतात. ज्यांनी परसात वेखंड लावलेले पाहिले असेल त्यांना या पानांची रचना लगेच समजेल. वेखंडाप्रमाणेच एका पानाच्या कुशीत दुसरे, दुसऱ्याच्या कुशीत तिसरे, अशी ती दोन ओळींत बसलेली असतात, आणि पानाला वरची बाजू आणि खालची बाजू असा भेद दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या. पुष्कळ आमऱ्यांना पाणी साठविण्यासाठी खोडाशी एक फुगीर गाठ असते. हिला तशी गाठ नाही. तिची जी काही शिल्लक असते ती या जाड पानांतच असते.

पावसाचा जोर ओसरू लागला की या पंख्याच्या टोकातून एक तुरा निघतो. तो पानांपेक्षा लांब असतो आणि उंदराच्या शेपटीसारखा वाकून लोंबतो. त्याच्यावर दाटीवाटीने फुले लागतात. रंग पिवळट, मातकट. एकेका फुलाचा विस्तार दोन मिलिमीटरांच्या आतबाहेर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. नुसत्या डोळ्यांना तो तुरा खरखरीत दोरीसारखा दिसतो. भिंग लावले की मात्र दोरीचे प्रत्येक बोंडूक उमललेले फूल होते.

आणि ते अर्धवट, कामचलाऊ फूल नसते. मंडपातल्या मोठ्या ऑर्किडच्या फुलात जे जे असते ते सर्व या मोहरीएवढ्या जागेत असते. बाहेरची तीन दले, आतली तीन दले, आणि आतल्या तिनांपैकी एक निराळ्या आकाराचे, ज्याला ओठ म्हणतात. या ओठाची कड कशी कापलेली आहे, तिला किती खंड आहेत, यावरूनच ओबेरोनियाच्या जाती ओळखाव्या लागतात. अभ्यासकाचे सारे काम भिंगाखाली चालते. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे असतात. आमरीच्या कुळात ते एकजीव होऊन त्यांचा एक आखूड स्तंभ बनतो. या स्तंभाच्या टोकाशी पराग असतात. पण जास्वंदीच्या परागासारखी सुटी पूड नव्हे, तर मेणासारखे घट्ट पुंजके. ओबेरोनियात असे चार पुंजके असतात. फुलावर आलेल्या किड्याच्या अंगाला ते चिकट पदार्थाने चिकटतात आणि सबंधच्या सबंध दुसऱ्या फुलाकडे जातात.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. एवढी मोठी यंत्रणा एवढ्या लहान आकारात बसविण्याचे कारण काय? याचे उत्तर मिळकतीच्या हिशेबात शोधावे असे आम्हांस वाटते. फांदीवर राहणाऱ्या या झाडाची आवक फार थोडी. पाणी वर्षातून चार महिने, आणि क्षार म्हणाल तर पावसाच्या धारेबरोबर येईल ती धूळ, सालीवरून ओघळेल तो पालापाचोळ्याचा अर्क आणि एखाद्या पाखराची विष्ठा. एवढ्या आवकेत मोठे, रंगीत, मधाने भरलेले फूल काढणे परवडणारे नाही. तेव्हा फूल स्वस्त केले आणि संख्या वाढविली. पाहुणाही त्या मापाचाच. मधमाशीला या फुलावर पाय ठेवावयासही जागा नाही. ज्यांना आपण चिलटे म्हणतो त्या मापाच्या जिवांसाठी मात्र हाच ओठ पुरेसा रुंद ओटा होतो.

आता मूळ आरोपाकडे येऊ. ही बांडगूळ आहे काय?

खऱ्या बांडगुळाचा व्यवहार असा असतो. त्याचे फळ फुलटोच्या नावाचा इवला पक्षी खातो. बी चिकट असते. ते पक्ष्याकडून फांदीवर पडते आणि तेथेच चिकटून बसते. रुजताना त्याचे मूळ सालीला भोक पाडून आत शिरते आणि थेट लाकडापर्यंत पोचते. झाड आपल्या मुळांनी जमिनीतून जे पाणी आणि क्षार वर चढवते, त्या नळाला बांडगूळ मधल्यामध्ये आपली तोटी बसविते. त्याची पाने हिरवी असतात, म्हणजे थोडेफार अन्न तेही करते. पण पाण्याचे बिल पूर्णपणे दुसऱ्याच्या नावावर. म्हणून बांडगूळ वाढते तसतशी पुढची फांदी वाळते.

आमरीचे मूळ यातले काहीही करीत नाही. ते सालीवर पसरते, सालीच्या खाचांत पकड घेते आणि तेथेच थांबते. सालीखाली ते जात नाही. लाकडाशी त्याचा संबंध नाही आणि झाडाच्या रसाचा एक थेंबही त्याला मिळत नाही. आंबा जिवंत असो की वठलेला असो, फांदी जोवर जागेवर आहे तोवर आमरीच्या जेवणात फरक पडत नाही. अशा वनस्पतींना शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. दुसऱ्याच्या अंगावर राहणारी, परंतु दुसऱ्याचे न खाणारी. झाडाकडून ती जागा घेते, आणि उजेडाची उंची घेते. जंगलाच्या जमिनीवर, दाट सावलीत, दोन पेऱ्यांच्या रोपाला ऊन मिळणार कोठून? म्हणून ती फांदीवर गेली. एका खोलीत बिऱ्हाड करून राहणारा भाडेकरू आणि घरमालकाच्या तिजोरीला भोक पाडणारा चोर यांना एकाच नावाने हाक मारणे जितके योग्य, तितकेच आमरीला बांडगूळ म्हणणे योग्य.

मग ती जगते कशावर? स्वतःच्या कष्टावर. हिरव्या पानांत उन्हाच्या साहाय्याने हवा आणि पाणी यांपासून साखर तयार करावयाची, हा सर्व हिरव्या वनस्पतींचा धंदा तीही करते. अडचण फक्त पाण्याची. त्यासाठी तिच्या मुळांवर एक विशेष आवरण असते. ते मृत, पोकळ पेशींचे, स्पंजासारखे असते. कोरड्या दिवसांत या पेशींत हवा भरलेली असते आणि मूळ पांढुरके, राखी दिसते. पावसाची पहिली सर आली की हा स्पंज काही क्षणांत पाणी शोषून घेतो आणि मुळाचा आतला हिरवा रंग बाहेरून दिसू लागतो. आतल्या जिवंत भागाला मग सावकाशीने हे पाणी घेता येते. कोरड्या वाऱ्यात हेच आवरण आतल्या भागाचे संरक्षण करते. पाऊस झाडावर थांबत नाही, ओघळून जातो; तेव्हा मिळेल त्या क्षणी भरून घ्यावयाचे, ही सोय या मुळात आहे.

सह्याद्रीत राहणाऱ्यास ही सोय किती लागते ते पाहा. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतर आठ महिने कोरडे. ज्या फांदीवर ऑगस्टमध्ये शेवाळातून पाणी ठिबकत असते, तीच फांदी एप्रिलमध्ये हाताला तापलेली लागते. या दोन टोकांमध्ये जाड पानांतल्या ओलीवर दिवस काढावयाचे आणि पुन्हा पहिल्या सरीची वाट पाहावयाची, असा हिचा वर्षाचा क्रम आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की ही वनस्पती पूर्ण स्वावलंबी आहे. तसेही नाही. तिच्या आयुष्याचा आरंभ उधारीवर होतो, आणि ती गोष्ट लपवून तिची वकिली करणे बरोबर होणार नाही.

आमरीचे बी हे वनस्पतिसृष्टीतील सर्वांत लहान बियांपैकी एक. खसखशीचा दाणा त्याच्यापुढे धोंडा वाटावा. बहुतेक आमऱ्यांचे बी मिलिमीटराहूनही लहान असते. बोंड वाळून तडकले की ते धुरासारखे बाहेर पडते आणि वाऱ्यावर जाते. वजन नसल्यामुळे ते उंच फांदीवर पोचू शकते, हा त्याचा लाभ. पण वजन नाही याचा अर्थच हा की बरोबर शिदोरी नाही. हरभऱ्याच्या दाण्यात कोवळ्या कोंबासाठी दोन डाळिंब्या भरून अन्न ठेवलेले असते. आमरीच्या बियात तसे काहीच ठेवलेले नसते.

चार्ल्स डार्विनने आमरींच्या फुलांवर १८६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने इंग्लंडातील एका साध्या जमिनीवरच्या आमरीचे बी मोजले. एका बोंडात सहा हजारांच्या वर, झाडाला तीस बोंडे, म्हणजे एका झाडाचे बी पावणेदोन लाखांहून अधिक. हे सर्व बी रुजले तर एका झाडाच्या पणतवंडांनी पृथ्वीवरील जवळजवळ सारी जमीन झाकून जाईल, असा त्याचा हिशेब होता. पण तसे होत नाही. मग एवढे बी जाते कोठे? त्या काळी युरोपातील बागवानही याच अडचणीत होते. बी पेरले तर रुजत नसे. आईच्याच कुंडीत ते टाकले तर मात्र कधीमधी एखादे उगवे. असे का, हे कोणास सांगता येत नव्हते.

उत्तर मिळाले ते १८९९ साली, फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या जंगलात. नोएल बर्नार हा पंचविशीतला तरुण संशोधक. त्याला तेथे एका जंगली आमरीचे नुकतेच रुजलेले बी सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता प्रत्येक रुजलेल्या बियात एका बुरशीचे तंतू शिरलेले दिसले. ही बुरशी रोग नव्हती. तीच रुजण्याचे कारण होती. लाकडाचा भुसा, कुजलेली पाने, सालीचा चुरा यांतून बुरशी अन्न मिळविते. तिचे तंतू बियात शिरतात. बीज त्या तंतूंच्या गुंडाळ्या पचवून त्यांतली साखर घेते, आणि पहिले हिरवे पान फुटेपर्यंत त्यावरच वाढते. ज्या बियाला योग्य बुरशी भेटली नाही ते तसेच मरते. लाखांतली जवळजवळ सगळी तशीच मरतात. आईच्या कुंडीत एखादे बी का रुजत होते, याचाही उलगडा झाला. तेथे बुरशी आधीच होती. पुढे १९२२ साली अमेरिकेतील ल्यूइस नडसन याने बुरशीऐवजी काचेच्या नळीत साखर घालून आमरीचे बी रुजविले. आज बाजारात दिसणारी लाखो ऑर्किडे नडसनच्या त्या वाटेने आलेली आहेत. सह्याद्रीच्या फांदीवर मात्र साखर घालावयास कोणी येत नाही. तेथे काम बुरशीचेच.

म्हणजे बाल्यात आमरी बुरशीचे खाते, हे कबूल केले पाहिजे. परंतु बाळाला कोणी ऐतखाऊ म्हणत नाही. हिशेब करावयाचा तो सबंध आयुष्याचा. २००६ साली गुडयेरा नावाच्या युरोपातील एका आमरीवर झालेल्या प्रयोगात असे दिसले की, वाढलेले हिरवे झाड आपण तयार केलेल्या साखरेचा वाटा उलट बुरशीला देते. ती जमिनीवरची आमरी होती. तिचा हिशेब जसाचा तसा फांदीवरच्या ओबेरोनियाला लावता येणार नाही. पण आमरी आणि बुरशी यांचे नाते एका बाजूने ओरबाडण्याचेच असते, असे म्हणण्याचे दिवस त्या प्रयोगाने संपले.

आता या सर्व गोष्टी एकत्र ठेवून पाहू. मोहरीएवढे फूल फळावयाचे तर त्या मापाचे चिलट आसपास पाहिजे. बी रुजावयाचे तर फांदीवर ती विशिष्ट बुरशी पाहिजे. बुरशी टिकावयाची तर साल खरबरीत, खाचांची, ओल धरणारी पाहिजे. तिच्यावर शेवाळ पाहिजे, आपण काळ्या मसाल्यात घालतो त्या जातीचे दगडफूल पाहिजे, पालापाचोळ्याचा चुरा अडकलेला पाहिजे. आणि अशी साल एका वर्षात तयार होत नाही. महाबळेश्वरच्या रानातील अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या फांद्या पाहाव्यात, किंवा कोकणातील जुना रायवळ आंबा पाहावा. लाकूड कोठे दिसतच नाही. शेवाळ, दगडफूल, नेचे आणि आमऱ्या यांचीच एक वस्ती त्यावर बसलेली असते. उलट निलगिरी हा वृक्ष कितीही उंच गेला तरी आपली साल सोलवटून टाकीत असतो. ज्या घराची भिंत वरचेवर पाडली जाते तेथे बिऱ्हाड कोण करील? झाड म्हणजे झाड, कोणतेही लावले तरी चालेल, हा समज म्हणूनच खोटा आहे.

येथे आमच्या विषयाचा आपल्या नागरिकपणाशी संबंध येतो. सह्याद्रीच्या अंगावर आणि पायथ्याशी नगरपालिकांची गावे आहेत. लोणावळे आहे, महाबळेश्वर आहे, सावंतवाडी आहे. रस्ता रुंद करावयाचा, इमारत बांधावयाची, तारा न्यावयाच्या, की प्रथम जुनी झाडे आड येतात. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ सालचा कायदा आहे. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ म्हणावे असे ठरले, आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असा नियम आला. नियम चांगला आहे. पूर्वीपेक्षा तो कितीतरी पुढचा आहे, आणि तो करून घेणाऱ्यांचे आम्ही अभिनंदनच करू.

पण आमरीच्या बाजूने हा हिशेब तपासा. ५० वर्षांच्या एका आंब्याबद्दल ५० रोपे मिळाली. कागदावर बेरीज बरोबर जुळली. या ५० रोपांत ५० वर्षे जुनी फांदी मात्र एकही नाही. साल गुळगुळीत, शेवाळ नाही, बुरशीला खाण्यास कुजलेला चुरा नाही. आमरीचे बी त्या ५० रोपांवर पडले तरी रुजावयाचे नाही. आमच्या क्षेत्रातले उदाहरण द्यावयाचे तर, ५० वर्षे हात बसलेला एक कारागीर काढून त्याच्या जागी एकेक वर्षाची ५० मुले भरती करावी, आणि हजेरीपटावर संख्या वाढली म्हणून समाधान मानावे, त्यातलाच हा प्रकार आहे. ती मुले पुढे कारागीर होतील. पण मधली वर्षे कोणालाही उडी मारून ओलांडता येणार नाहीत. आणि त्या मधल्या वर्षांत ज्यांचा संसार जुन्या झाडावर होता त्यांनी जावयाचे कोठे?

जे प्रेमापोटी घडते त्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. घाटातून परतताना एखादा हौशी माणूस आमरी फांदीवरून ओरबाडून आणतो आणि गॅलरीत टांगतो. पंधरा दिवस तो तिला रोज पाणी घालतो. नंतर ती कुजते किंवा वाळते. कारण त्याने आणली ती केवळ पाने. फांदी, ओल, चिलट, बुरशी हे सर्व मागेच राहिले. रानातील आमऱ्यांचा व्यापार हा तर जगभरचा प्रश्न आहे. वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला आणि १९७५ साली अमलात आला. १९७६ पासून भारत त्यात सामील आहे. आमरींचे सबंध कूळ त्या कराराच्या कक्षेत आहे, मोहरीएवढ्या फुलाचीसुद्धा. ज्यांना घरी ऑर्किड हवे असेल त्यांनी रोपवाटिकेत वाढविलेले खुशाल आणावे. ओबेरोनिया पाहावयाची असेल तर तिच्या घरी जावे. शंभर-दोनशे रुपयांचे एक भिंग खिशात ठेवावे. पाऊस उतरणीला लागला की कास पठारावर जमिनीकडे पाहून फुले शोधणाऱ्यांची गर्दी होते. त्याच सुमारास रानवाटेने जाताना जुन्या झाडाच्या खांद्याइतक्या उंचीच्या फांद्या सावकाश पाहाव्यात. शेवाळात रुतलेला एखादा चपटा हिरवा पंखा दिसेल, त्याच्या टोकाला दोरीसारखा तुरा असेल. हात न लावता भिंग धरावे. पाच मिनिटांत जे दिसेल ते आमच्या या लेखापेक्षा पुष्कळ अधिक असेल.

आणि एक काम प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. शहरी भागात झाड तोडण्यापूर्वी नोटीस लागते आणि नागरिकांकडून हरकती मागविल्या जातात. संघटनेच्या कामात आम्ही नोटिशींना उत्तरे लिहिण्यातच पुष्कळ वर्षे घालविली. त्या अनुभवावरून सांगतो की, भावना लिहिलेला अर्ज बाजूला पडतो आणि वस्तुस्थिती लिहिलेला अर्ज वाचावा लागतो. तेव्हा हरकत घ्यावयाची असेल तर आधी झाडाखाली उभे राहून वर नीट पाहावे. खोडाचा घेर मोजावा, वय विचारून घ्यावे, आणि फांद्यांवर कोण कोण राहते त्याची यादी करावी. पक्ष्यांची घरटी आपण लिहितोच. त्यांच्याखाली आणखी एक ओळ लिहावी: ‘या झाडावर आमऱ्या आहेत, त्या बांडगूळ नाहीत, त्यांनी झाडाचे काही घेतलेले नाही, आणि नव्या रोपावर त्या राहू शकत नाहीत.’ झाड त्यामुळे वाचेलच असे वचन आम्ही देत नाही. पण तोडण्याचा निर्णय करणाऱ्याला आपण नेमके काय काय तोडीत आहोत हे माहीत असावे, आणि ते कागदावर नोंदलेले असावे, एवढी मागणी कोणत्याही नागरिकाला हक्काने करता येते.